मनाच्या फायलीतला थायरॉईडचा कागद

मुलगी रोज सकाळी थायरॉईडची गोळी घेते, हे आपल्याकडे लग्नाच्या बोलणीत थोडं चाचरत का होईना, सांगता येतं. ती मानसोपचारतज्ज्ञाकडे जाते, हे सांगता येत नाही. कचेरीत रजेचं कारण देताना, शेजारणीच्या नजरेला गोळ्यांची पाकिटं पडली की, गणपतीला जमलेल्या नातेवाइकांसमोर, सगळीकडे हाच भेद पाळला जातो. थायरॉईड आणि मानसिक आजार यांच्या संबंधावर सबंध पुस्तक लिहायला घेण्यामागे वैद्यकीय कारणं आहेतच, ती पुढे येतील. पण इतकी वर्षं मानसोपचाराचा व्यवसाय केल्यावर मला दिसतं ते असं, की या विषयातला निम्मा घोळ रक्ताच्या तपासणीपेक्षा या लाजेने घातलेला आहे.

या घोळातून दोन चुका होतात आणि त्या एकमेकींच्या अगदी उलट आहेत. एखाद्यावर मनोरुग्ण म्हणून शिक्का बसला की त्याच्या शरीराकडे बघणं थांबतं, ही पहिली. तो म्हणतो थकवा येतो, तर तो नैराश्यामुळे. वजन वाढलं, तर गोळ्यांमुळे. पोट साफ होत नाही, तेही गोळ्यांमुळेच. कातडी कोरडी पडली, तर अंगाला तेल लावायचा आळस. प्रत्येक तक्रारीला उत्तर तयार असतं आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. म्हणूनच ते धोक्याचं. बरोबर उत्तराच्या सवयीने एखाद्या दिवशी चुकीचं उत्तर कधी दिलं जातं ते कळतही नाही.

दुसरी चूक घरच्यांची. थायरॉईडच्या रिपोर्टात टीएसएच वाढलेलं दिसलं की घरात सुटकेचा निःश्वास पडतो. "डॉक्टर, म्हणजे हे सगळं थायरॉईडमुळेच होतं ना? डोक्याचं काही नाहीच ना?" असं विचारणाऱ्या आईच्या चेहऱ्यावरची आशा बघितली की नाही म्हणताना जीव जड होतो. "मावशी, थायरॉईड आहे, आणि आधीचा आजारही आहे. दोन्हीचं औषध चालू ठेवायचं," एवढंच मी म्हणतो. यातलं पहिलं वाक्य ऐकलं जातं, दुसरं दाराबाहेर पडेपर्यंत विसरलं जातं. महिन्या-दोन महिन्यांनी मुलगा पुन्हा रात्र रात्र जागायला लागतो, पैसे उधळायला लागतो, तेव्हा कळतं की मनाच्या गोळ्या बंद करून फक्त थायरॉईडची चालू होती.

या दोन चुकांच्या मधली वाट दाखवणं एवढंच या पुस्तकाचं काम. त्यासाठी ग्रंथीची थोडी ओळख हवी. कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेला पुढून बिलगून ती असते. मोठ्या माणसात वजन साधारण १५ ते २५ ग्रॅम. रक्तातलं आयोडिन उचलून ती टी-४ आणि टी-३ ही दोन संप्रेरकं तयार करते. हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, अंगातली ऊब, डोक्यात विचार फिरण्याचा वेग, या सगळ्याची लय या दोघांवर ठरते. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी रक्तातल्या या संप्रेरकांवर नजर ठेवून असते आणि ती कमी पडली की जास्त टीएसएच सोडून थायरॉईडला कामाला जुंपते. म्हणून रिपोर्टातला आकडा उलटा वाचायचा असतो. टीएसएच वाढलेलं म्हणजे थायरॉईडचं काम कमी. टीएसएच अगदी खाली गेलेलं म्हणजे बहुधा काम जास्त. एवढं समजलं तरी रिपोर्ट हातात घेतल्यावरचा बराच गोंधळ टळतो.

आता काम कमी पडलेल्या माणसाचं वर्णन बघा. बायकांमध्ये हा आजार पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त, म्हणून बाईचंच घेऊ. सकाळी उठवत नाही. कशात मन लागत नाही. बोलणं कमी झालंय, विचारलेल्याचं उत्तर उशिरा येतं. गॅसवर दूध ठेवून विसरते. झोप भरपूर होते तरी थकवा जात नाही. नैराश्याचं वर्णन याहून वेगळं काय असतं? नुसत्या संभाषणावरून दोन्हींत फरक करणं अनुभवी डॉक्टरलाही कठीण जातं. फरक करायचा तर खुर्चीतून उठून पेशंटजवळ जावं लागतं. मे महिन्यात पंखा बंद करा म्हणणारी बाई, घोगरा झालेला आवाज, कोपरापाशी खरबरीत झालेली कातडी, डोळ्यांखाली सकाळची सूज, पाळीत अंगावरून जास्त जाणं, या खुणा मनाच्या नाहीत. टाचेमागच्या स्नायुरज्जूवर हातोडी मारली की पाऊल झटकन हलतं, पण परत जागेवर यायला उगाच वेळ घेतं. ही तपासणी करायला अर्धं मिनिट लागतं आणि पैसे लागत नाहीत. मानसोपचाराच्या किती खोल्यांत ती हातोडी टेबलावर असते, हा प्रश्न मी माझ्या व्यवसायबंधूंवर सोडतो.

काम जास्त झालं की चित्र उलट होतं आणि त्याची गल्लत होते चिंतारोगाशी. छातीत धडधड, हाताला कंप, चिडचिड, झोप उडणं, एका जागी बसवत नाही. दोन्हीकडे तेच. इथे मला सगळ्यात उपयोगी पडत आलेली तपासणी म्हणजे पेशंटचा हात हातात घेणं. घाबरलेल्या माणसाचा तळवा ओला असतो, पण गार. थायरॉईड वाढलेल्या माणसाचा तळवा ओला आणि गरम. दुसरी खूण घरच्या माणसाला बघता येते: माणूस गाढ झोपला की हलकेच मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजायची. चिंतेने वाढलेले ठोके झोपेत खाली येतात. थायरॉईडने वाढलेले झोपेतही फारसे उतरत नाहीत. भूक चांगली असून वजन उतरत असेल तर संशय आणखी पक्का. वयस्क माणसांत मात्र हा आजार फसवतो. सत्तरीतले आजोबा अस्वस्थ होण्याऐवजी गप्प होतात, वाळतात, कोपऱ्यात बसून राहतात, आणि "आजी गेल्यापासून खचले" असं म्हणून सगळे मोकळे होतात. आजी गेलेली असते हे खरंच. पण तपासणी करायला त्याने काही बिघडत नाही.

हे ज्ञान नवं नाही, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. लंडनमध्ये विल्यम गल यांनी १८७३ साली प्रौढ बायकांमध्ये दिसणाऱ्या एका विचित्र मंदत्वाचं वर्णन केलं: चेहरा सुजलेला, जीभ जड, मन सुस्तावलेलं. विल्यम ऑर्ड यांनी १८७८ मध्ये त्याला मिक्सिडिमा हे नाव दिलं. पुढे लंडनच्या क्लिनिकल सोसायटीने समिती नेमली आणि १८८८ साली शंभरावर रुग्णांचा अहवाल काढला. त्यातल्या जवळजवळ निम्म्या लोकांना भ्रम किंवा भास होत असल्याची नोंद त्यात आहे. म्हणजे थायरॉईड आटला की माणसाला वेड लागू शकतं, हे त्यावर औषध सापडण्याच्या आधीच लिहून ठेवलेलं होतं. औषध सापडलं १८९१ साली. न्यूकॅसलचे जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क काढून एका ४६ वर्षांच्या बाईला टोचला. ती सुधारली, आणि पुढे शेकडो मेंढ्यांच्या ग्रंथींच्या जोरावर १९१९ पर्यंत जगली. वैद्यकाच्या इतिहासात इतक्या साध्या तर्काने इतकं मोठं यश फार थोड्या वेळा मिळालं असेल: जे शरीरात कमी आहे ते बाहेरून द्या.

तरीही पुढची साठेक वर्षं वेड्यांच्या इस्पितळांत अशी माणसं पडून राहिली. १९४९ साली रिचर्ड अ‍ॅशर या लंडनच्या डॉक्टरने 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अशा १४ रुग्णांवर लेख लिहिला. अ‍ॅशर यांच्याकडे सेंट्रल मिडलसेक्स रुग्णालयातल्या मानसिक निरीक्षण विभागाचं काम होतं. वेडाच्या भरात आणलेल्या लोकांना कुठे पाठवायचं, हे तिथे ठरायचं. त्या चौदा जणांतले बहुतेक भ्रमिष्ट अवस्थेत आलेले होते आणि थायरॉईडच्या औषधाने त्यांच्यातले बरेचसे सुधारले. लेखाचं महत्त्व चौदा या आकड्यात नाही. चेहऱ्याकडे बघितलं आणि आवाज नीट ऐकला तर निदान समोरच आहे, पण वेड्यांच्या वॉर्डात तसं बघायची आणि ऐकायची सवय नाही, हे त्यातलं टोचणारं म्हणणं आहे. गंमत म्हणजे ए. जे. क्रोनिन या डॉक्टर-कादंबरीकाराने 'द सिटाडेल' या १९३७ सालच्या कादंबरीत नेमका हाच प्रसंग रंगवलेला होता: वेडा ठरवून नेऊ घातलेला खाणकामगार, आणि त्याच्या थायरॉईडकडे बोट दाखवणारा तरुण डॉक्टर. आपल्याकडे १९७१ साली आलेला 'तेरे मेरे सपने' याच कादंबरीवर बेतलेला आहे.

अ‍ॅशर यांचा लेख आला त्याच महिन्यात, सप्टेंबर १९४९ मध्ये, जगाच्या दुसऱ्या टोकाला ऑस्ट्रेलियात आणखी एक लेख छापून आला. मेलबर्नजवळच्या बंडूरा इथल्या इस्पितळात जॉन केड या मानसोपचारतज्ज्ञाने उन्मादाच्या दहा रुग्णांना लिथियम हा साधा क्षार दिला होता आणि ते शांत झाले होते. एक लेख सांगत होता की थायरॉईड बिघडल्याने मन बिघडतं. दुसऱ्यातून आलेलं औषध पुढे मनाचा आजार आवरताना थायरॉईड बिघडवणार होतं. त्या सप्टेंबरात हे कुणालाच माहीत नव्हतं. लिथियममुळे गलगंड होतो, हे डेन्मार्कच्या मोगेन्स शाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ साली दाखवून दिलं.

लिथियमवर मी या पुस्तकात सगळ्यात जास्त पानं खर्च केली आहेत आणि त्याबद्दल मला संकोच वाटत नाही. उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणाऱ्या द्विध्रुवीय आजारात, आत्महत्येचा धोका कमी करण्यात, या जुन्या आणि स्वस्त औषधाच्या तोडीचं दुसरं फारसं काही आजही नाही. पण थायरॉईड लिथियम स्वतःत साठवते, आणि साठलेलं लिथियम संप्रेरकं रक्तात सोडण्याच्या कामात अडथळा आणतं. पीयूषिका टीएसएच वाढवून जोर लावते. कुणाची ग्रंथी त्या जोराने फुगते, कुणाची तरीही पुरी पडत नाही. बायकांना, चाळिशी ओलांडलेल्यांना, घरात थायरॉईडचा आजार असणाऱ्यांना आणि रक्तात थायरॉईडविरोधी प्रतिपिंडं असणाऱ्यांना हा धोका जास्त.

म्हणून नियम सोपा आहे. लिथियम सुरू करण्याआधी टीएसएच, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि कॅल्शियम तपासायचं. सुरू केल्यावर दर सहा महिन्यांनी पुन्हा. लिथियमची रक्तातली पातळी वेगळी तपासायची, आणि तीही शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी. प्रत्यक्षात काय होतं? चिठ्ठीवर तपासण्या लिहिलेल्या असतात. लॅब तालुक्याला असते. बरा झालेला माणूस कामावर जायला लागलेला असतो, एक खाडा परवडत नाही. "आता बरं आहे ना, मग कशाला?" म्हणत सहा महिन्यांची दोन वर्षं होतात. मग तो हळूहळू मंदावतो, घरचे त्याला नैराश्याचा नवा झटका समजतात, डॉक्टर नैराश्याची गोळी वाढवतो, आणि वाढवलेली गोळी लागू पडत नाही. वर्षात चार किंवा त्याहून जास्त वेळा आजार उलटत असेल तर थायरॉईड बघितल्याशिवाय पुढची चिठ्ठी लिहूच नये, या मताचा मी आहे. अशा वारंवार उलटणाऱ्या आजाराचा आणि थायरॉईड कमी पडण्याचा संबंध अनेक अभ्यासांत आढळलेला आहे.

टीएसएच वाढलं म्हणून लिथियम बंद करायचं का? नाही. हे वाक्य मी पुस्तकात तीन प्रकरणांत तीनदा लिहिलं आहे आणि संपादकांनी ते दोनदा खोडलं, तरी पुन्हा घातलं. लिथियम लागू पडत असेल तर ते चालू ठेवून वर थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉईडची, गोळी द्यायची. एका जास्तीच्या गोळीने जे भागतं त्यासाठी वर्षानुवर्षं आवरून ठेवलेला आजार मोकाट सोडणं हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

बाकीच्या औषधांबद्दल थोडक्यात. कार्बामाझेपिन यकृताला थायरॉईडची संप्रेरकं भराभर मोडायला लावतं, त्यामुळे आधीच थायरॉक्सिन घेणाऱ्याचा डोस वाढवावा लागू शकतो. व्हॅल्प्रोएटने टीएसएच थोडं चढू शकतं, क्वेटियापिनने टी-४ थोडं उतरू शकतं; दोन्हींत बहुधा औषध बदलायची गरज नसते, नोंद ठेवावी लागते. ओलान्झापिनसारख्या गोळ्या थायरॉईडला फारसा हात लावत नाहीत, पण त्यांनी वजन वाढतं हे सगळ्यांना इतकं ठाऊक झालंय की वाढलेल्या वजनामागे थायरॉईड असला तरी तो झाकला जातो.

आता उलट बाजू, आणि ती मला तितकीच महत्त्वाची वाटते. २०१३ साली भारतातल्या आठ शहरांतल्या पाच हजारांवर प्रौढांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. मुंबई आणि गोवा त्यात होते. त्यात सुमारे ११ टक्के लोकांचं थायरॉईडचं काम कमी आढळलं आणि त्याशिवाय आणखी काहींत सौम्य दोष सापडला, म्हणजे टीएसएच चढलेलं पण टी-४ जागेवर. आता विचार करा. भाजी मंडईत उभ्या असलेल्या माणसांतही नऊ-दहांमागे एकाला हे सापडणार असेल, तर माझ्या बाकावर बसलेल्या नैराश्याच्या नऊ-दहा पेशंटांतही एकाला ते सापडणारच, दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नसला तरी. सापडलं म्हणजे कारण सापडलं असं होत नाही. टीएसएच सहा-सात आलेल्या माणसाला त्याच्या मनाच्या दुःखाचं मूळ गळ्यात आहे असं सांगणं ही फसवणूक आहे. सांगणाऱ्याच्या मनात नसली तरी. ६५ वर्षांवरच्या, सौम्य दोष असलेल्या ७३७ लोकांवर युरोपात झालेल्या चाचणीत थायरॉक्सिन आणि नुसती दिखाऊ गोळी यांत थकव्याच्या बाबतीत काही फरक दिसला नाही. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. टीएसएच दहाच्या वर, टी-४ उतरलेलं, गर्भारपण, लिथियम चालू, ही परिस्थिती निराळी. तिथे उपचाराचा विचार वेगळ्या पद्धतीने करावा लागतो आणि पुस्तकात तो सविस्तर आला आहे.

थायरॉईडचं औषध मनाच्या आजारावर वापरतात हेही खरं. नैराश्याच्या गोळ्या पुरेशा लागू पडल्या नाहीत तर जोडीला टी-३ देण्याची पद्धत १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून आहे, आणि ती थायरॉईड निरोगी असलेल्यांनाही देतात. पण तो तज्ज्ञाने, ठोक्यांवर आणि हाडांवर लक्ष ठेवून करायचा प्रयोग आहे. वजन उतरावं म्हणून मैत्रिणीच्या बाटलीतल्या थायरॉक्सिनच्या दोन-दोन गोळ्या घेणाऱ्या मुली माझ्याकडे धडधड आणि निद्रानाश घेऊन येतात. द्विध्रुवीय आजार असलेल्याला अशाने उन्मादही चढू शकतो. योग्य कारणासाठी दिलेलं थायरॉक्सिनसुद्धा फार दिवस थायरॉईड कमी पडलेल्या, वयस्क किंवा हृदय कमजोर असलेल्या माणसात थोड्या डोसापासून चढवत न्यावं लागतं. आणि कोबी-फ्लॉवर बंद करून, सैंधव मीठ खाऊन थायरॉईड मुळापासून बरा करून देतो म्हणणाऱ्यांबद्दल इतकंच: शिजवलेली कोबीची भाजी खुशाल खा, आणि सैंधवात पुरेसं आयोडिन नसतं.

तपासणी कधी करायची, यातही एक मेख आहे. माणूस अगदी उसळलेल्या अवस्थेत भरती होतो तेव्हा काहींचं टी-४ तात्पुरतं वर गेलेलं सापडतं आणि आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप जागेवर येतं. त्या एका कागदावर निदान करून गोळ्या सुरू केल्या तर नसलेल्या आजाराचा इलाज होतो. गंभीर खुणा नसतील तर थांबून पुन्हा तपासणं शहाणपणाचं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर ते रक्त देण्याआधी सांगायलाच हवं. काही यंत्रांवर बायोटिनमुळे आकडे भलतेच येतात.

बाळंतपणानंतरच्या प्रकरणाकडे मी विशेष लक्ष वेधतो. पहिल्या वर्षभरात काही बायकांच्या थायरॉईडला दाह होतो. आधी काही आठवडे संप्रेरकं जास्त वाहतात, मग कमी पडतात, आणि बहुतेकींची ग्रंथी पुढे सावरते. नेमक्या याच काळात बाळंतिणीला नैराश्य येण्याची आणि क्वचित भ्रमिष्टपणाचीही शक्यता असते. माहेरी आलेली मुलगी झोपत नाही, बाळाकडे बघत नाही, असंबद्ध बोलते. घरात कुणी म्हणतं बाहेरचं काहीतरी लागलं, कुणी म्हणतं पहिलटकरणीचे लाड. भ्रमिष्टपणा ही तातडीने दवाखान्यात नेण्याची अवस्था आहे. आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो. आणि नेल्यावर जे रक्त काढलं जाईल त्यात टीएसएच असू दे, एवढा आग्रह घरच्यांनी धरला तर कुठलाही चांगला डॉक्टर रागावणार नाही.

गोळी कशी घ्यावी यावर एक छोटं प्रकरण आहे. ते वाचून काही जणांना हसू येईल, पण माझ्या मते पुस्तकातलं सगळ्यात कामाचं प्रकरण तेच. थायरॉक्सिन सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायचं आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. आपल्या घरांत ही अट जवळजवळ अमानुष आहे. चहा झाल्याशिवाय ज्या माणसाला बोलता येत नाही, आणि रात्रीच्या मानसोपचाराच्या गोळीने ज्याचं डोकं आठ वाजेपर्यंत जड असतं, त्याला पहाटे उठवून गोळी देणार कोण? देते आई, आणि ती थकलेली असते. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचं अंतर ठेवायचं, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. ती सगळ्या गोळ्या एका वाटीत काढून चहाबरोबर देते. सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच तसंच, आणि डोस वाढतो. डोस वाढवण्याआधी वाटी बघावी.

मनाच्या आणि शरीराच्या डॉक्टरांनी एकमेकांशी बोलावं, असं सगळे म्हणतात. महाराष्ट्रात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. पण बहुसंख्य पेशंट तिथे नसतात, ते घरात असतात आणि गावच्या जनरल प्रॅक्टिशनरकडे जातात. हे पुस्तक मुख्यतः त्या डॉक्टरसाठी आणि त्या घरासाठी आहे. गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी मरतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि त्यात मोठा वाटा हृदयविकार, मधुमेह अशा साध्या, तपासता येण्याजोग्या शारीरिक आजारांचा असतो. थायरॉईड या यादीत अग्रभागी नाही. पण तो सापडायला सोपा, उपचाराला स्वस्त आणि दुर्लक्षायला त्याहून सोपा आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने मनोरुग्णाला शरीराच्या रुग्णाइतक्याच बरोबरीच्या उपचाराचा हक्क दिला आहे. वर्षातून एकदा मनगटावर हात आणि गळ्यावर नजर, इतकी तरी बरोबरी मागायला हरकत नाही.

वाचकांना एकच विनंती. घरात कुणाला मानसोपचाराची औषधं चालू असतील तर आज फाईल काढा आणि शेवटच्या टीएसएचची तारीख बघा. लिथियम चालू असेल आणि ती तारीख सहा महिन्यांहून जुनी असेल, किंवा तो कागदच सापडला नाही, तर पुढच्या भेटीपर्यंत थांबू नका. रिपोर्ट काहीही येवो, तो घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि ते सांगेपर्यंत कुठलीही गोळी, मनाची किंवा थायरॉईडची, आपल्या मनाने बंद करू नका.